लघवीतले पॅरासिटामॉलचे मेटाबोलाइट मास स्पेक्ट्रोमीटरवर कसे ओळखायचे

औषधाची गोळी पोटात गेली की शरीर तिचं रूप बदलतं, आणि ही बदललेली रूपं, म्हणजे मेटाबोलाइट, बरीचशी लघवीवाटे बाहेर पडतात. ती ओळखायला शिकायचं असेल तर सुरुवात पॅरासिटामॉलपासून करावी. गोळी स्वस्त, मुख्य मेटाबोलाइटची रेफरन्स स्टँडर्ड विकत मिळतात, लघवीत माल भरपूर उतरतो. शिवाय या कामात नवखा माणूस ज्या ज्या ठिकाणी फसतो, त्यातली बहुतेक ठिकाणं या एका रेणूत सापडतात.

खाली एलसीला (लिक्विड क्रोमॅटोग्राफी, म्हणजे कॉलममधून घटक एकेक वेगळे काढणारं यंत्र) जोडलेलं हाय-रिझोल्यूशन मशीन (आयनांचं वस्तुमान अगदी बारीक दशांशापर्यंत मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर), क्यू-टॉफ किंवा ऑर्बिट्रॅप, हाताशी आहे असं धरलं आहे. ट्रिपल क्वाड्रुपोलवाल्यांसाठी (या मशीनला वस्तुमानाचा बारीक दशांश कळत नाही) शेवटी वेगळं लिहिलं आहे.

मशीन सुरू करण्याआधी कागद-पेन्सिल

यकृतात पॅरासिटामॉलला मुख्यतः तीन वाटा असतात. निम्म्याहून थोडं जास्त औषध ग्लुकुरोनाइड (साखरेचा गट जोडलेलं रूप) होतं, साधारण तिसरा हिस्सा सल्फेट होतो. पाच ते दहा टक्के भाग सीवायपी२ई१ या एन्झाइममुळे ऑक्सिडाइझ होऊन नॅपक्वी नावाचा अतिशय क्रियाशील पदार्थ बनतो. यकृताला इजा करतो तो हाच. ग्लुटाथायोन (पेशींतला संरक्षक रेणू) त्याला पकडतं, त्या जोडरेणूची पुढे छाटणी होते आणि लघवीत तो सिस्टीन व मर्कॅप्ट्युरेट (सिस्टीनलाच अॅसिटाइल गट लागलेलं) या रूपांत येतो. अखंड ग्लुटाथायोन जोडरेणू पित्तात जातो, त्यामुळे लघवीत तो शोधण्यात वेळ घालवू नका. न बदललेलं पॅरासिटामॉल पाच टक्क्यांच्या आत असतं.

म्हणजे काय शोधायचं हे आधीच माहीत आहे. पॅरासिटामॉलचं मोनोआयसोटोपिक वस्तुमान (प्रत्येक मूलद्रव्याचा सर्वांत विपुल आयसोटोप धरून) १५१.०६३३. त्यात प्रत्येक वाटेची भर घाला (पॉझिटिव्ह मोडमध्ये रेणूला एक प्रोटॉन जोडला जातो, निगेटिव्हमध्ये एक निघतो):

ग्लुकुरोनाइड: +१७६.०३२१, पॉझिटिव्ह मोडमध्ये ३२८.१०२७, निगेटिव्हमध्ये ३२६.०८८१
सल्फेट: +७९.९५६८, पॉझिटिव्ह २३२.०२७४, निगेटिव्ह २३०.०१२९
सिस्टीन: +११९.००४१, पॉझिटिव्ह २७१.०७४७
मर्कॅप्ट्युरेट: +१६१.०१४७, पॉझिटिव्ह ३१३.०८५३, निगेटिव्ह ३११.०७०७
मेथॉक्सी (वरच्या तीन वाटांबाहेरचा किरकोळ मेटाबोलाइट): +३०.०१०६, पॉझिटिव्ह १८२.०८१२
मूळ औषध: पॉझिटिव्ह १५२.०७०६, निगेटिव्ह १५०.०५६१

पॉझिटिव्ह आयनासाठी १.००७३ मिळवायचे, १.००७८ नव्हे. पहिलं प्रोटॉनचं वस्तुमान, दुसरं अख्ख्या हायड्रोजन अणूचं. फरक एका इलेक्ट्रॉनचा, पण १५२ वर तो ३.६ पीपीएम (दशलक्षात ३.६ भाग) भरतो. मशीन ५ पीपीएममध्ये चालवायचं असेल तर एवढी चूक यादीतच करून ठेवणं परवडत नाही. एक्सेलमध्ये हे गणित एकदा नीट बसवा, पुढच्या प्रत्येक औषधाला तेच पत्रक कामाला येतं.

नमुना गोळा करताना

माणसाचा नमुना आहे, तेव्हा संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि लेखी संमती आधी. प्रयोगशाळेतल्याच कोणी स्वतःची लघवी दिली तरी हे सुटत नाही. यकृताचा त्रास असलेला किंवा नियमित मद्य घेणारा माणूस निवडू नका. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी पुरते.

गोळी घेण्याआधीची लघवी हा या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा नमुना. तो नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. त्यानंतर ० ते २, २ ते ४, ४ ते ८ आणि ८ ते २४ तास असे चार टप्पे ठेवा. प्रत्येक टप्प्यातली सगळी लघवी एका बाटलीत जमा करून तिचं आकारमान मोजा आणि मगच हलवून थोडी काढून घ्या. औषधाचं रक्तातलं अर्धायुष्य दोन-तीन तासांचं असल्यामुळे २ ते ४ आणि ४ ते ८ या टप्प्यांत सर्वाधिक माल मिळतो. बाटली बर्फात ठेवा, तासाभरात एक-एक मिलीलिटरच्या नळ्या भरा आणि उणे ८० अंशांवर टाका. उणे २० वरही काही आठवडे निभतं, मात्र पुन्हा पुन्हा वितळवू नका.

नमुना देणाऱ्याला एक प्रश्न न विसरता विचारा: गेल्या दोन-तीन दिवसांत सर्दी-तापाचं काही घेतलंय का? केमिस्टकडे मिळणाऱ्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं. ‘पॅरासिटामॉल घेतलं का’ असं विचारलं की उत्तर नाही असं येतं. गोळीचं नाव विचारा.

एवढं करूनही आधीच्या लघवीत बारीकसं पॅरासिटामॉल दिसलं तर लगेच कोणावर संशय नको. अॅनिलीन हे औद्योगिक रसायन वातावरणातून थोडंफार सगळ्यांच्या शरीरात जातं आणि शरीर त्याचं पॅरासिटामॉल करतं. म्हणून ‘ब्लँक’ लघवी शून्य असेल अशी अपेक्षा न ठेवता, गोळीनंतरचं पीक आधीच्यापेक्षा किती पट मोठं आहे ते पाहावं. इथे ते हजारो पट असतं.

पातळ करा, अजून पातळ करा

५०० मिलिग्रॅम औषध दीड लिटर लघवीत सारखं पसरलं असं धरलं तरी सरासरी ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या वर जाते, आणि सुरुवातीच्या टप्प्यांत त्याहून जास्त. मशीनला नॅनोग्रॅम पुरतात. म्हणजे इथली अडचण टंचाईची नाही, अतिरेकाची आहे. एसपीई (सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन) कार्ट्रिजवर नमुना शुद्ध करण्याच्या फंदात पडू नका. ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट पाण्यात इतके सहज विरघळतात की कार्ट्रिज धुतानाच वाहून जातात, आणि मग ते ‘सापडले नाहीत’ असा निष्कर्ष निघतो.

नळी खोलीच्या तापमानावर पूर्ण वितळू द्या. तळाशी साका दिसेल, तो बहुधा क्षारांचा आणि प्रथिनांचा. व्हॉर्टेक्सवर नीट हलवा, १३,००० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा स्वच्छ भाग घ्या. त्याची तीन पातळीकरणं करा: १० पट, १०० पट, १,००० पट. शंभर पटीसाठी १० मायक्रोलिटर लघवी आणि ९९० मायक्रोलिटर द्रावक. द्रावक म्हणजे ९८ भाग पाणी, २ भाग अॅसिटोनायट्राइल, ०.१ टक्का फॉर्मिक अॅसिड. किरकोळ मेटाबोलाइट १० पटीत शोधायचे, मोठे १,००० पटीत.

द्रावकात अॅसिटोनायट्राइल वाढवण्याचा मोह टाळा. नमुना जास्त तीव्र द्रावकात असला की ग्लुकुरोनाइड कॉलमच्या तोंडाशी थांबतच नाही, आणि त्याचं पीक दुभंगतं किंवा थेट क्षारांबरोबर वाहून जातं.

प्रत्येक व्हायलमध्ये ड्युटेरियम लावलेलं पॅरासिटामॉल-डी४ टाका, अंतिम प्रमाण २०० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर. त्याचा आयन १५६.०९५७ ला दिसतो आणि मूळ औषधाच्या किंचित आधी किंवा बरोबरच बाहेर पडतो. डी४ घ्या, डी३ नको. डी४ मध्ये चारही ड्युटेरियम बेंझीनच्या कड्यावर असतात आणि तुकडा पडल्यावरही शाबूत राहतात. डी३ मध्ये ते अॅसिटाइल गटावर असतात आणि तुकडा पडताना त्यातले दोन निघून जातात.

कॉलम आणि ग्रॅडिएंट

१०० बाय २.१ मिलिमीटरचा, १.८ मायक्रॉनच्या आसपासचा सी१८ कॉलम चालेल, पण तो ९८-९९ टक्के पाणी सोसणारा हवा. साधा सी१८ निव्वळ पाण्यात काही काळ ठेवला की छिद्रांतून पाणी निघून जातं आणि रिटेन्शन (घटक धरून ठेवण्याची ताकद) कोसळतं. कॅटलॉगमध्ये ‘शंभर टक्के पाण्याला चालतो’ असं लिहिलेलाच घ्या.

पाणी आणि अॅसिटोनायट्राइल, दोन्हींत ०.१ टक्का फॉर्मिक अॅसिड. फ्लो मिनिटाला ०.३ मिलीलिटर, कॉलम ४० अंशांवर, इंजेक्शन २ मायक्रोलिटर. अॅसिटोनायट्राइल पहिला एक मिनिट १ टक्का, आठव्या मिनिटापर्यंत २५ टक्के, नवव्याला ९५, अकराव्यापर्यंत तसंच, मग परत १ टक्का आणि किमान चार मिनिटं विश्रांती. ही विश्रांती कमी केलीत तर पहिला फटका सर्वांत आधी येणाऱ्या ग्लुकुरोनाइडला बसतो. प्रत्येक रनला त्याचा रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) थोडा थोडा सरकत जातो.

अशा कॉलमचा मृतकाळ (कॉलममध्ये न थांबणारा पदार्थ बाहेर यायला लागणारा वेळ) साधारण ०.७ मिनिटाचा. त्या सुमारास लघवीतलं मीठ आणि युरिया एकदम बाहेर येतात. पहिला पाऊण-एक मिनिट व्हाल्व वेस्टकडे ठेवा, नाहीतर सोर्सवर (मशीनच्या ज्या भागात आयन तयार होतात तिथे) पांढरा थर बसतो आणि दिवस संपेपर्यंत सिग्नल निम्म्यावर येतो. फक्त ग्लुकुरोनाइड त्या मिनिटात वाहून जात नाही ना, हे स्टँडर्ड सोडून आधी तपासा.

क्रम साधारण असा: ग्लुकुरोनाइड सर्वांत आधी, मर्कॅप्ट्युरेट सर्वांत शेवटी, बाकीचे मधे. सल्फेट मूळ औषधाच्या अलीकडे येतो की पलीकडे, हे कॉलम आणि आम्लावर ठरतं. दुसऱ्याच्या पेपरातला क्रम आपल्या कॉलमवर लादू नका.

मशीनची मांडणी

इलेक्ट्रोस्प्रे, एक रन पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह. सल्फेट निगेटिव्हमध्ये कितीतरी चांगला दिसतो, मूळ औषध आणि सिस्टीन पॉझिटिव्हमध्ये. मोड बदलत एकाच रनमध्ये दोन्ही उरकता येतात, पण शिकताना वेगळे ठेवा.

पूर्ण स्कॅन ७० ते ७००. एमएस/एमएस (निवडलेला आयन तोडून तुकडे मोजणं) ची खालची मर्यादा ५० पासून, कारण कामाचे तुकडे १५२ च्या बरेच खाली आहेत. वर काढलेल्या वस्तुमानांची इन्क्लूजन लिस्ट (मशीनने कोणते आयन तोडायचे त्यांची यादी) द्या. तुमचं काम मशीनच्या ‘सर्वांत तीव्र पाच आयन’ या निवडीवर सोडलंत तर ते क्रिएटिनीन आणि हिप्प्युरिक अॅसिडच तोडत बसेल. कोलिजन एनर्जी (आयन तोडायची ऊर्जा) १०, २० आणि ४०, तिन्ही वेगळ्या नोंदवा. कॅलिब्रेशन त्याच सकाळी करा, आणि लॉक मासची (रन चालू असताना ओळखीच्या आयनावरून वस्तुमान दुरुस्त करण्याची) सोय असेल तर चालू ठेवा.

रनचा क्रम: द्रावक ब्लँक तीनदा, स्टँडर्डचं मिश्रण, आधीची लघवी, गोळीनंतरचे नमुने पातळाकडून घट्टाकडे, मग पुन्हा द्रावक ब्लँक, पुन्हा स्टँडर्ड. शेवटच्या ब्लँकमध्ये १५२ किंवा ३२८ डोकावले तर ते आधीच्या इंजेक्शनचं उरलेलं आहे. सुई धुण्याचं द्रावण बदला आणि १० पटीचा नमुना सर्वांत शेवटी न्या.

१५२.०७०६ चा ट्रेस काढल्यावर

इथे सावकाश चला. गोळीनंतरच्या नमुन्यात १५२.०७०६, अधिक-उणे ५ पीपीएम, असा ट्रेस (तेवढ्याच वस्तुमानाचा वेळेनुसार आलेख) काढला की एक पीक येईल अशी कल्पना असते. प्रत्यक्षात तीन येतात, आणि पीपीएमची ही खिडकी सैल राहिली असेल तर कधी चार. नवखा माणूस म्हणतो, पॅरासिटामॉलचे आयसोमर सापडले. आयसोमर वगैरे काही नसतं. ग्लुकुरोनाइड कॉलममधून अखंड बाहेर येतं, पण सोर्समधल्या उष्णतेत आणि विद्युतदाबात त्याचा साखरेचा भाग तुटतो आणि उरलेलं पॅरासिटामॉल १५२ म्हणून नोंदलं जातं. सल्फेटचंही तसंच. याला इन-सोर्स फ्रॅगमेंटेशन म्हणतात.

ओळखायची खूण रिटेन्शन टाइम. १५२ आणि ३२८ चे ट्रेस एकावर एक ठेवा. दोन्हींची शिखरं सेकंदालाही न चुकता एकाच जागी असतील, पीकची शेपूटही सारखीच असेल, तर ते १५२ ग्लुकुरोनाइडचं आहे. खरं पॅरासिटामॉल डी४ च्या जोडीला असतं, तिथे ३२८ नसतं. म्हणून डी४ चा ट्रेस स्क्रीनवरून काढूच नका.

कोन व्होल्टेज (सोर्समधून आयन आत ओढणारा विद्युतदाब), किंवा तुमच्या मशीनवर त्याला जे नाव असेल ते, पायरीपायरीने कमी करत तोच नमुना पुन्हा सोडा. ग्लुकुरोनाइडच्या जागचं १५२ लहान होत जाईल आणि ३२८ वाढेल, पण खऱ्या पॅरासिटामॉलच्या जागचं गुणोत्तर तसं बदलणार नाही. ही कसोटी अर्ध्या तासाची आहे. पुढच्या प्रत्येक औषधाला ती लावावी, कारण न बदललेलं औषध किती बाहेर पडलं हा आकडा चुकण्याचं पहिलं कारण हेच असतं. पीक एकमेकांत मिसळलेली असली की पाच टक्के औषध पंधरा टक्के वाटतं.

आता चौथं पीक. ते बऱ्याचदा अगदी सुरुवातीला येतं आणि गोळीआधीच्या लघवीतही असतं. हे ग्वानीन (डीएनएमधला एक घटक) असू शकतं. त्याचा पॉझिटिव्ह आयन १५२.०५६७ चा, आपल्यापेक्षा ०.०१३९ ने हलका, म्हणजे ९१ पीपीएम दूर. हाय-रिझोल्यूशन मशीनवर ५ पीपीएमची खिडकी लावली की ते नाहीसं होतं. खिडकी सैल ठेवली, किंवा सॉफ्टवेअरने मुळात ०.०२ डाल्टन अशी दिलेली तशीच राहू दिली, तर ते आत येतं. बहुतेकदा ही खिडकी कोणी उघडूनच पाहिलेली नसते.

आणखी एक फसवी जागा ११०.०६०० ची. पॅरासिटामॉल तुटलं की मुख्य तुकडा हाच पडतो. पण पॅरा-अॅमिनोफेनॉल या वेगळ्या पदार्थाचा अखंड आयनही नेमका ११०.०६०० चाच आहे, दशांशापर्यंत सारखा, कारण सूत्रच एक. पूर्ण स्कॅनमध्ये ११० दिसलं म्हणून अॅमिनोफेनॉल सापडलं असं लिहू नका. ते मृतकाळाच्या जवळ, स्वतःच्या वेळेला, १५२ शिवाय एकटं दिसलं पाहिजे.

तुकडे काय सांगतात

पॅरासिटामॉलचा १५२ हा आयन ४२.०१०६ गमावून ११०.०६०० होतो. हे केटीन, अॅसिटाइल गटाचा भाग. पुढे अमोनिया जाऊन ९३.०३३५ आणि मग कार्बन मोनॉक्साइड जाऊन ६५.०३८६. एनर्जी ४० वर हे दोन ठळक दिसतात.

ग्लुकुरोनाइड निगेटिव्हमध्ये ३२६ वरून १७६.०३२१ गमावून १५०.०५६१ होतं. शिवाय साखरेचे स्वतःचे तुकडे १७५.०२४८ आणि ११३.०२४४ दिसतात. हे दोन्ही कोणत्याही ग्लुकुरोनाइडची ओळखखूण आहेत, औषध कुठलंही असो.

सल्फेट २३० वरून ७९.९५६८ गमावतो. फॉस्फेट जोडलेला असता तर ७९.९६६३ गेले असते. फरक ०.००९५, म्हणजे २३० वर ४१ पीपीएम, सहज वेगळा करता येतो. दुसरा पुरावा गंधकाचा. गंधक-३४ मुळे मुख्य आयनापासून १.९९५८ वर, त्याच्या सुमारे ४.४ टक्के उंचीचं छोटं पीक हवं. ते दिसत नसेल तर रेणूत गंधक नाही आणि तुमचा सल्फेटचा दावा तिथेच संपला. सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेटलाही हीच कसोटी लागू.

मर्कॅप्ट्युरेट निगेटिव्हमध्ये ३११ वरून १२९.०४२६ गमावून १८२.०२८१ होतं. १२९.०४२६ चा न्यूट्रल लॉस (आयन तुटताना विनाभार निघून जाणारा भाग) शोधला की एरवी माहीत नसलेले मर्कॅप्ट्युरेटही सापडतात. पण लघवीत आहारातूनही ते येतात, त्यामुळे गोळीआधीच्या नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय नाव देऊ नका. पॉझिटिव्हमध्ये सिस्टीनचा २७१ वरून १४०.०१६५ आणि मर्कॅप्ट्युरेटचा ३१३ वरून २०८.०४२७ हे तुकडे कामाचे.

मास डिफेक्ट फिल्टर (वस्तुमानाचा दशांश भाग मूळ औषधाच्या जवळ असलेले आयनच ठेवणारी चाळण) वापरत असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. अधिक-उणे ५० मिलिडाल्टनच्या खिडकीत ग्लुकुरोनाइड (+३२) आणि सल्फेट (-४३) बसतात. ग्लुटाथायोनचा जोडरेणू (+६८) बसत नाही. पित्त किंवा यकृताच्या पेशींचे नमुने हाताळाल तेव्हा त्याला वेगळा फिल्टर लागेल.

एन्झाइमची साक्ष

साखर जोडलेली आहे असं तुकड्यांवरून म्हणणं एक, आणि साखर तोडून दाखवणं दुसरं. १० पट पातळ लघवीचे १००-१०० मायक्रोलिटर चार नळ्यांत घ्या. पहिलीत ई. कोलायपासूनचं बीटा-ग्लुकुरोनिडेज, फॉस्फेट बफर, पीएच ६.८. दुसरीत हेलिक्स पोमॅशिया या गोगलगायीपासूनचं एन्झाइम, अॅसिटेट बफर, पीएच ५. तिसऱ्या-चौथ्यात तेच दोन बफर, एन्झाइमशिवाय. ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी चौपट गार अॅसिटोनायट्राइल घालून प्रथिनं खाली बसवा, सेंट्रिफ्यूज करा आणि पाण्याने आणखी पातळ करून सोडा.

ई. कोलायचं एन्झाइम ग्लुकुरोनाइडच तोडतं. त्यामुळे ३२८ चं पीक बसेल, मूळ औषधाच्या जागचं १५२ वाढेल आणि सल्फेट जसाच्या तसा राहील. गोगलगायीच्या एन्झाइममध्ये सल्फेटेजही असतं, तिथे दोन्ही घटतात. सिस्टीन आणि मर्कॅप्ट्युरेट दोन्हीकडे अबाधित राहायला हवेत, कारण त्यांचा गंधक-कार्बन बंध ही एन्झाइमं तोडत नाहीत.

सल्फेट तुटला नाही तर आधी बफर पाहा. फॉस्फेट सल्फेटेजला अडवतं, म्हणून दुसऱ्या नळीत फॉस्फेट बफर चालत नाही. लघवीत मुळातही फॉस्फेट असतंच, आणि दहा पट पातळ करण्याचं एक कारण तेच. एन्झाइमऐवजी आम्ल घालून उकळण्याची जुनी पद्धत इथे नको. त्यात पॅरासिटामॉलचाच अॅसिटाइल गट निघून पॅरा-अॅमिनोफेनॉल होतं आणि हाती काहीच उरत नाही.

सॅच्युरेशन, सप्रेशन आणि इतर भानगडी

क्यू-टॉफवर डिटेक्टर भरून गेला की पीकचा माथा सपाट होतो. त्याआधीच आयसोटोपचं गुणोत्तर बिघडू लागतं. ग्लुकुरोनाइडमध्ये १४ कार्बन आहेत, तेव्हा कार्बन-१३ मुळे येणारं दुसरं पीक पहिल्याच्या साधारण १६ टक्के हवं. ते ३० टक्के दिसतंय याचा अर्थ पहिलं पीक कापलं गेलंय. त्याच वेळी वस्तुमानही काही पीपीएम सरकलेलं आढळेल, आणि कॅलिब्रेशन बिघडलं म्हणून लोक मशीन तपासत बसतात. १,००० पटीची व्हायल सोडा, दोन्ही तक्रारी मिटतात.

सप्रेशन उलट दिशेने फसवतं. पीक असायला हवं तिथे लहान दिसतं. कॉलमनंतर, मशीनच्या आधी टी-जोड लावून डी४ चं द्रावण मिनिटाला १० मायक्रोलिटरने सतत सोडत राहा आणि गोळीआधीची लघवी इंजेक्ट करा. १५६ ची सरळ रेषा जिथे खाली बसते तिथे लघवीतलं काहीतरी आयन होण्यात अडथळा आणतंय. बहुधा तो खड्डा सुरुवातीला असतो, म्हणजे ग्लुकुरोनाइडच्या शेजारीच. म्हणून ग्लुकुरोनाइडचं प्रमाण मोजायचं असेल तर पॅरासिटामॉल-डी४ पुरेसं नाही. ते वेगळ्या वेळी बाहेर येतं, त्या खड्ड्यात पडतच नाही. ग्लुकुरोनाइडचंच लेबल केलेलं स्टँडर्ड लागेल.

३५०.०८४६ ला काही दिसलं तर नवा मेटाबोलाइट समजू नका, ते ग्लुकुरोनाइडला चिकटलेलं सोडियम आहे. ४४.०२६२ च्या अंतराने शिडीसारखी पीक दिसली तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ते गोळीच्या आवरणातूनही येतं आणि प्रयोगशाळेतल्या साबणातूनही. ३३८.३४१७ प्लॅस्टिकच्या नळ्यांमधून निघणारं एरुकामाइड.

वेगवेगळ्या टप्प्यांची तुलना करताना माणूस किती पाणी प्यायला यावर आकडे हेलकावे खातात. प्रत्येक टप्प्याचं आकारमान मोजलं असेल तर एकूण मिलिग्रॅम काढा, तेच उत्तम. एकच सुटी लघवी असेल तर क्रिएटिनीनने भागा. क्रिएटिनीन लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली किंवा ३ ग्रॅमच्या वर असेल तर तो नमुना तुलनेसाठी न वापरलेला बरा.

नाव कधी द्यायचं

निव्वळ वस्तुमान जुळलं तर फार तर सूत्र सांगता येतं. तुकडेही जुळले तर ‘संभाव्य’. विकतचं स्टँडर्ड गोळीआधीच्या लघवीत मिसळून सोडल्यावर रिटेन्शन टाइम ०.१ मिनिटाच्या आत, वस्तुमान ५ पीपीएमच्या आत आणि तिन्ही एनर्जींवरचे तुकडे सारख्या प्रमाणात आले, तरच ‘निश्चित’. त्यावर एक पायरी अजून: तेच स्टँडर्ड गोळीनंतरच्या नमुन्यात थोडं घाला. एकच पीक वाढलं पाहिजे, खांदा फुटता कामा नये.

मेथॉक्सी मेटाबोलाइटच्या बाबतीत हात आखडता घ्या. १८२.०८१२ आणि त्याचे तुकडे मेथॉक्सी गट आहे एवढं सांगतात, कड्यावर तो नेमका कुठल्या कार्बनवर बसलाय हे सांगत नाहीत. स्टँडर्ड किंवा एनएमआर (रेणूतल्या अणूंची जागा दाखवणारं तंत्र) हाती नसेल तर अहवालात ‘मेथॉक्सी-पॅरासिटामॉल, जागा अनिश्चित’ असंच लिहा.

आणि हे सगळे मेटाबोलाइट निश्चित झाले तरी माणसाने पॅरासिटामॉलच घेतलं होतं हे सिद्ध होत नाही. फेनासेटिन आणि अॅसिटॅनिलाइड ही जुनी औषधं शरीरात पॅरासिटामॉलच होतात. प्रयोगात गोळी तुम्हीच दिलेली असते म्हणून प्रश्न येत नाही, पण बाहेरून आलेल्या नमुन्यावर मत देताना त्या औषधांचे स्वतःचे आयनही शोधावे लागतात.

ट्रिपल क्वाड्रुपोलच असेल तर

ट्रान्झिशन (मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांची जोडी) अशी लावा: पॉझिटिव्हमध्ये १५२ वरून ११० आणि १५२ वरून ६५, ३२८ वरून १५२, २७१ वरून १४०, ३१३ वरून २०८, आणि निगेटिव्हमध्ये २३० वरून १५०. डी४ साठी १५६ वरून ११४.

अडचण पुन्हा ग्वानीनची. त्याचा १५२ तुटून १३५ बरोबरच ११०.०३४९ हाही तुकडा देतो. क्वाड्रुपोलला १५२.०५६७ आणि १५२.०७०६ सारखेच, ११०.०३४९ आणि ११०.०६०० ही सारखेच. म्हणजे १५२ वरून ११० ही पॅरासिटामॉलची ‘खास’ ट्रान्झिशन लघवीत खास राहत नाही. १५२ वरून १३५ हीसुद्धा यादीत घाला, ती ग्वानीन कुठे आहे ते दाखवेल. स्टँडर्डमध्ये ११० आणि ६५ यांचं गुणोत्तर किती येतं ते लिहून ठेवा. नमुन्यात ते २०-३० टक्क्यांहून जास्त बदललं आणि त्याच वेळेला १३५ दिसत असेल, तर ग्रॅडिएंटची सुरुवात आणखी सावकाश करून दोन्ही पीक वेगळी काढा. गुणोत्तराची मर्यादा सैल करून रिपोर्ट पुढे ढकलू नका.